फ्लॅट दुभता आहे, पण भाकड काळाचं काय?

१८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि शहरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एक नवा अर्थतज्ज्ञ जन्माला आला. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपलं कोल्हापूर, सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं येणार. म्हणजे वकील येणार, त्यांचे ज्युनिअर येणार, पक्षकार येणार, आणि सगळ्यांना राहायला जागा लागणार. तेव्हा फ्लॅट घेऊन ठेवा, भाडं खात बसा.

माझ्या मामांनाही हेच पटलं होतं. नुकतेच निवृत्त झालेत, फंडाचे पैसे हातात आहेत, कळंब्याला एक फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं म्हशी समोर पिळून धारोष्ण दूध देतात तिथं, फेसाळ ग्लास हातात धरून ते म्हणाले, "दुसरा घिऊया म्हंतोय. दोन्हीच्या भाड्यातनं तिसऱ्याचा हप्ता भागतोय की. मग चौथा."

मी म्हटलं, "मामा, त्या म्हशीवाल्याला विचारा, दोन म्हशी एकदम भाकड गेल्या तर काय करतोस?"

मामा हसले, पण ग्लास खाली ठेवला. लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देणं हा माझा धंदा असल्यामुळे भाड्याच्या घरांचे हिशेब वर्षभर डोळ्यांखालून जातात. कट्ट्यावर सुरू झालेलं ते बोलणं पुढं दोन-तीन बैठका चाललं. तेच इथं सविस्तर मांडतो.

वैरण रोज लागते

म्हशीचा हिशेब कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दूध देते तेव्हा देते, आटली की भाकड. वैरण मात्र दोन्ही काळात तेवढीच लागते. भाड्याचा फ्लॅट अगदी असाच असतो, फक्त तो हंबरत नाही. त्यामुळे उपाशी आहे हे उशिरा कळतं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. फ्लॅट ५० लाखांचा, भाडं महिना १४,०००. वर्षाचे १,६८,००० झाले. ५० लाखांवर हे ३.३६ टक्के. वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत, याला भाडे-परतावा म्हणतात. बहुतेकांचा हिशेब इथंच थांबतो.

आता वैरण मोजा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, किचनची ट्रॉली, पंखे, गिझर धरून खरी गुंतवणूक झाली ५५ लाख. एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिनाभर कुलूप, म्हणजे हातात १,५४,०००. त्यातून अपार्टमेंटचा मेंटेनन्स १८,०००, घरफाळा ८,०००, रंग आणि नळ-गळती १२,०००, एजंट आणि कराराचा खर्च ८,०००. उरले १,०८,०००. ५५ लाखांवर हे दोन टक्केसुद्धा भरत नाहीत. बँकेतली ठेव काही न करता याहून जास्त देते, आणि तिचा फ्लश टँक रात्री अकराला बिघडत नाही.

हा हिशेब फ्लॅट घेऊ नका म्हणून सांगत नाही. भाड्याच्या घरात जो पैसा मिळतो, तो दोन वाटांनी येतो: थोडा भाड्यातून, आणि बराचसा जागेची किंमत वाढल्यावर. दुसरी वाट आपल्या हातात नाही. पहिली बरीच आहे. वरच्या उदाहरणात भाडं हजारानं वाढवलं तर वर्षाला १२,००० जास्त मिळतील, पण त्या नादात चांगला भाडेकरू सोडून गेला आणि महिनाभर कुलूप पडलं, तर १४,००० गेले, एजंट वेगळा. वेळेवर भाडं देणारं, भिंतीला खिळे न ठोकणारं कुटुंब असेल तर बाजारभावापेक्षा पाचशे-हजार कमी घ्यावेत असं माझं सरळ मत आहे. मामांना ते पटलं नाही. "मार्केट हाय तवा घ्यायला नको?" असो.

'नोटरी केलीय की, अजून काय पाहिजे?'

मामांच्या कपाटातून कराराचा कागद निघाला. स्टँप पेपर, त्यावर नोटरीचा शिक्का, मुदत अकरा महिने. नोंदणी नाही.

अकरा महिन्यांमागची समजूत अशी की वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यापुरतं ते खरं आहे. महाराष्ट्रात मात्र त्याच्या वर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं ५५ वं कलम सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी मेख पुढं आहे: नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे भाडं १४,००० ठरलं होतं की ९,०००, हे तो सांगणार आणि तुम्ही पुरावे शोधत फिरणार.

या कराराला आपण सरसकट भाडेकरार म्हणतो, पण नोंदवायचा तो लिव्ह अँड लायसन्स. फरक समजायला लग्नाचं कार्यालय आठवा. दोन दिवस चावी आपल्याकडं असते, चूलही आपली पेटते, पण त्या जागेत आपला हक्क काही तयार होत नाही. मालकानं वापरायची परवानगी दिलेली असते, बस. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे अशी परवानगी. भाडेपट्ट्यात मात्र जागेतला हक्कच काही काळासाठी दिला जातो आणि मग त्या माणसाला कायद्याचं भाडेकरूपणाचं संरक्षण मिळतं.

याचा उपयोग भांडणाच्या वेळी होतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली आणि माणूस हलत नसेल, तर २४ व्या कलमाखाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करू शकतो. दिवाणी दाव्याची लांबलचक वाट टळते, आणि जितके दिवस तो बेकायदा राहिला तितक्या दिवसांची दुप्पट रक्कम त्याच्याकडून मागता येते. ही सोय राहत्या घरापुरती आहे. दुकानाच्या गाळ्याला नाही, हे गाळेवाल्यांनी लक्षात ठेवावं.

खर्च किती? एकूण भाडं आणि परत करायच्या अनामतीवर धरलेलं १० टक्के वार्षिक व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. १४,००० भाडं, ५०,००० अनामत, अकरा महिने: साधारण ४०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. ५० लाखांच्या मालाला दीड-दोन हजारांचं कुंपण. मामा त्यापेक्षा जास्त पैसे दर रविवारी तांबड्या-पांढऱ्यावर घालवतात.

मध्येच एक सांगून टाकतो. 'आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही' असा मेसेज मोबाइलवर फिरत असतो. तो येतो आदर्श भाडेकरू कायद्यातून. केंद्रीय मंत्रिमंडळानं तो २ जून २०२१ ला मंजूर केला, पण तो नमुना आहे. राज्यानं स्वतःचा कायदा करून स्वीकारल्याशिवाय तो तिथं लागू होत नाही. आपल्याकडं व्यवहार चालतो तो १९९९ च्या कायद्यानं.

आणि भाडेकरूची माहिती, आधार कार्ड, फोटो पोलीस ठाण्यात द्या. तेही ऑनलाइन होतं. 'आपल्या पाहुण्याच्या ओळखीचा आहे' हे उत्तर पोलिसांना चालत नाही.

'बारा वर्षांनी भाडेकरू मालक होतो म्हणे'

नाही होत. ही भीती मुदतीच्या कायद्यातल्या प्रतिकूल ताब्यातून आली. मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे, त्याच्या नाकावर टिच्चून बारा वर्षं ताबा ठेवला तर तसा दावा करता येतो. भाडेकरू तुमच्या परवानगीनं राहतोय. भाडं देतोय म्हणजेच तुम्ही मालक आहात हे दर महिन्याला कबूल करतोय. म्हणून भाडं बँकेत घ्या. रोख घेऊन पावती न देणारा मालक आयकर वाचवल्याच्या आनंदात हा पुरावाच फेकून देत असतो.

खरी भीती वेगळी आहे आणि ती पेठांमध्ये आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, महाद्वार रोडच्या आतल्या बाजूला जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुळं आहेत, भाडं अजून दोन आकडी. मालकाला वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. ५० रुपयांचे ४ टक्के म्हणजे दोन रुपये. कूळ भाडं देत असेल तोवर त्याला नुसतं 'जा' म्हणता येत नाही. कायद्यात दिलेली कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. असं घर कुळासकट स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी सांगायला आलं, तर स्वस्त का मिळतंय ते हेच.

पाणी कुठवर आलं होतं?

कोल्हापुरात जागा घेताना लोक देवळापासून किती लांब, शाळा कुठली, पार्किंग आहे का, असं सगळं विचारतात. मी पहिला प्रश्न हा विचारतो, कारण तो मी एकदा विचारला नव्हता.

शाहूपुरीत, नाल्याच्या बाजूला उतारावर माझा तळमजल्याचा फ्लॅट होता. एक तरुण जोडपं भाड्यानं राहायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, ४३ ची धोका पातळी ओलांडली, आणि पुढं ५५ च्या वर गेली. भाडेकरू वरच्या मजल्यावर गेले, ते सुखरूप. पाणी उतरल्यावर मी दार ढकललं तर उघडेना. प्लायवूडचं कपाट फुगून आडवं पडलं होतं. हॉलच्या भिंतीवर, स्विचबोर्डच्या वर चार बोटं, पट्टीनं मारावी तशी सरळ तपकिरी रेघ. तिच्याखाली सगळा बारीक, तेलकट गाळ. स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात झाकण घट्ट असूनही तोच गाळ. ती रेघ मी दोनदा रंगवली. पहिल्यांदा घाई केली, ओल बाहेर आली, रंगाचे पोपडे धरले. रंगारी म्हणाला, "मालक, भिंतीला पाऊसकाळा उतरू द्या की." पाच महिने भाडं शून्य. विमा होता, पण कर्ज फिटल्यावर मी तो पुढं चालूच ठेवला नव्हता. दोष कुणाला देणार?

२०२१ ला परत ५५ च्या वर पाणी आलं. तेव्हा विमा होता.

म्हणून दोन गोष्टी. जलसंपदा विभाग नदीकाठाला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. सोप्या शब्दांत, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नकाशा बघाच, पण त्यावर थांबू नका. शंभर वर्षांचा म्हणवणारा पूर आपल्याकडं दोन वर्षांत दोनदा आला. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा. दुकानाच्या खांबावर तो हातानं उंची दाखवतो.

दुसरं, विमा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पूर तिच्यात मुळातच धरलेला आहे. घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेल्या भाड्याचीही सोय आहे. लक्षात ठेवायचं ते इतकंच की विमा बांधकामाचा काढतात, जमिनीच्या किमतीचा नाही, त्यामुळे हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी येतो. भाडेकरूच्या सामानाचा विमा त्यानं स्वतः काढायचा. हे त्याला आधी सांगा, पाणी आल्यावर नको.

घरफाळा, आयकर आणि बायकोचं नाव

घरफाळ्याच्या नोंदीत मिळकत मालक वापराची की कूळ वापराची हे लिहिलेलं असतं, आणि भाड्याच्या, विशेषतः व्यापारी मिळकतीला त्यामुळे जास्त भार पडतो. फ्लॅट भाड्यानं द्यायचा ठरवण्याआधी हा आकडा महापालिकेत विचारून घ्या. नोंद लपवून पुढं थकबाकीसकट बिल आलं की सगळ्या वर्षांचं भाडं एका दणक्यात जातं. सोसायटी असेल तर तिला घर भाड्यानं दिल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. दुप्पट मेंटेनन्स मागणाऱ्या सेक्रेटरींना हा निर्णय अदबीनं दाखवावा.

आयकराचं गणित वाटतं तेवढं अवघड नाही. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला घरफाळा वजा करा. राहिलेल्या रकमेतून सरळ ३० टक्के वजा, खर्च केला असो वा नसो. आपल्या उदाहरणात १,५४,००० वजा ८,०००, म्हणजे १,४६,०००. त्याचे ३० टक्के ४३,८००. कर लागायचं उत्पन्न १,०२,२००. रंगाची पावती, मेंटेनन्सची पावती घेऊन लोक माझ्याकडं येतात, त्यांना मी चहा पाजतो आणि पावत्या परत देतो. ते सगळं त्या ३० टक्क्यांत आलं.

गृहकर्ज असेल तर भाड्याच्या घरावरचं व्याजही वजा होतं. त्यातून तोटा निघाला तर जुन्या कररचनेत वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगाराच्या किंवा धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या रचनेत येत नाही. 'टॅक्स वाचवायला कर्ज काढून फ्लॅट घे' हा सल्ला देणारे बहुतेक जण अजून जुन्या रचनेतच राहतात.

"मग मामीच्या नावावर घिऊ?" मामांनी विचारलंच. घ्या, हरकत नाही, बाईच्या नावावर मालमत्ता असलेली मला आवडते. पण पैसे तुमचे असतील तर भाडं आयकरात तुमच्याच उत्पन्नात धरलं जाणार. मामी गालात हसल्या आणि आत गेल्या.

दुसरा कधी घ्यायचा?

पहिला फ्लॅट सहा महिने बंद राहिला तरी तुमच्या घरातल्या कुणाच्या चेहऱ्यावर ते दिसणार नाही, तेव्हा. ही माझी कसोटी.

आकड्यांत सांगतो. ४० लाख कर्ज, २० वर्षं, ८.५ टक्के व्याज: हप्ता सुमारे ३४,७००. भाडं १४,०००, आणि आपण वर पाहिलं की खर्च जाऊन त्यातले ९,०००च हातात येतात. म्हणजे भाडेकरू असतानाही दर महिन्याला खिशातून २५,७०० घालायचे. दोन भाड्यांत तिसऱ्याचा हप्ता निघतो हे मामांचं गणित इथंच पडलं. सहा महिने कुलूप राहिलं तर हप्ता, मेंटेनन्स आणि घरफाळा मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. तेवढी रक्कम प्रत्येक फ्लॅटमागं वेगळ्या खात्यात पडून हवी. गोठ्यात कडब्याची गंज असते तशी. ती हलवायची नाही, पोरीच्या लग्नालासुद्धा नाही.

व्याजदर बदलतो हे लोक विसरतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दरानं थोड्या मुदतीचं कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. ७ टक्क्यांचं आपलं ४० लाखांचं कर्ज तसंच वाढून ९.५ वर गेलं, तर ३१,००० चा हप्ता ३७,३०० च्या घरात जातो. भाडेकरूला जाऊन 'रेपो वाढला' सांगून बघा.

घ्यायचाच झाला तर पहिल्याच्या शेजारी घेऊ नका. शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला, राजारामपुरीत विद्यार्थी मिळतात, पण मे-जूनमध्ये खोल्या ओस. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या जिवावर चालतं. कारखान्यात मंदी आली की आधी तिथं 'भाड्यानं देणे'च्या पाट्या लागतात. ताराबाई पार्क, नागाळा पार्कात डॉक्टर, अधिकारी, आता वकील, पण जागेचे भाव असे की भाडे-परतावा आणखी पातळ. एकाच प्रकारच्या भाडेकरूवर दोन्ही फ्लॅट टेकवले तर दोन्ही म्हशी एकाच महिन्यात आटतात.

आणि कागद. पाचगाव, मोरेवाडीकडं स्वस्तात मिळतंय म्हणून गुंठ्याच्या जागेवरचं घर घेऊ नका. बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र बघा, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. नवीन इमारतीचा भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि फ्लॅटही आठांहून जास्त असतील, तर महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा क्रमांक असायलाच हवा. यात फार लिहिण्यासारखं नाही. कागद नसेल तर निघायचं.

'मग पैसाच नाही म्हणायचा यात?'

आहे, पण तो विकताना दिसतो. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यातलं जे कमी ते देता येतं. नफ्यातून दुसरं राहतं घर घेतलं तर सवलत आहे. अडचण एवढीच की फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. दवाखान्याला चार लाख हवेत म्हणून ५५ लाखांची जागा घाईनं काढली की गिऱ्हाईक ते तोंडावरून ओळखतं.

ज्यांना भाडं हवंय पण नळ-गळती नकोय त्यांच्यासाठी रीट नावाचा प्रकार आहे. स्वतः म्हैस न पाळता दूध संघाचं सभासद होण्यासारखं समजा. शेकडो लोकांच्या पैशातून मोठी ऑफिसं, मॉल घेतले जातात, वाटायला उपलब्ध झालेल्या रकमेतला किमान ९० टक्के वाटा गुंतवणूकदारांना द्यावा लागतो, आणि युनिट शेअर बाजारात विकता येतात. आपल्याकडं पहिला रीट २०१९ ला बाजारात आला. भाव वर-खाली होतो, तोही रोज डोळ्यांसमोर. तो ज्यांना सोसवत नाही त्यांनी फ्लॅटच घ्यावा. त्याचाही भाव खाली-वर होतच असतो, पण रोज कुणी सांगायला येत नाही.

मामांनी दुसरा फ्लॅट घेतला नाही, अजून तरी. पहिल्याचा करार नोंदवून घेतला. त्या दिवशी अंगठा घ्यायला आलेल्या पोरानं भाडेकरूचं बोट मशीनवर चार वेळा दाबलं, येईना. गवंडीकाम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. शेवटी मामीनं आतून खोबरेल तेल आणलं, बोट पुसलं, पाचव्यांदा हिरवा दिवा लागला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"एक हजार चारशे, आणि माझे वेगळे," पोरगा म्हणाला.